कपाळ आणि झाकण

आमच्या घरात बारा वर्षं माझ्या कपाळाचं राज्य होतं. दादाकडून सायकलीत हवा भरून घ्यायची असो, टीव्हीचा अँटेना फिरवायला त्याला गच्चीवर पिटाळायचं असो, नाहीतर भर उन्हात कोपऱ्यावरून बर्फ आणवायचा असो, मला तोंड उघडावं लागायचं नाही. मी फक्त डाव्या भुवईवरची केसांची बट बाजूला करायची. तिथं दोन पेरं लांबीचा, गुलाबी, फुगलेला आणि कमानीसारखा वाकलेला एक व्रण होता. तो दिसला की माझ्याहून पाच वर्षांनी मोठा असलेला श्रीकांतदादा हातातलं पुस्तक उपडं टाकून उठायचा. "जातो, माझे आई, जातो. झाक ते आधी!" म्हणत चपला शोधायला लागायचा. हा व्रण दादाच्या चेंडूनं झाला, हे अख्ख्या सोसायटीला पाठ होतं. तो चेंडूनं झालेला नाही, हे फक्त मला माहीत होतं, आणि ते कुणाला सांगायचा माझा काडीचाही विचार नव्हता. आज साठीच्या दारात उभं राहून मला त्याची लाज वाटायला हवी. थोडी वाटतेही. पण बर्फ आयता मिळायचा, हेही खरंच.

आम्ही कोथरूडला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा पाटबंधारे खात्यात. मूळचे अमरावतीकडचे, बदली होऊन पुण्यात आले आणि दोन वर्षांत इथल्यासारखे कमी बोलायला लागले. आई मात्र कधीच पुणेकर झाली नाही. जिन्यात भेटेल त्याला ती "जेवले का?" असं विचारायची आणि समोरचा माणूस घाबरून "का बरं?" म्हणायचा. सकाळी सहा वाजता तळमजल्यापासून कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या त्या एकेक मजला चढत आमच्यापर्यंत यायच्या. आमचा कुकर सगळ्यात शेवटी, कारण आईला सकाळी आधी चहा लागायचा आणि चहाबरोबर कुणाशी तरी भांडण. रविवारी पाटवड्यांचा रस्सा असला की त्याच्या झणझणीत वासानं दुसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडक्या लावून घ्यायच्या आणि अर्ध्या तासानं वाटी घेऊन वर यायच्या. "चव बघायला हो फक्त," म्हणायच्या. वाटी मात्र आमटीची नसायची, वाडगाच असायचा.

तर मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. धाकटी मावशी बाळंत झाली होती आणि आईनं तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले होते. तुपात डिंक फुलत होता तेव्हापासून मी ओट्याजवळून हलले नव्हते. आईनं दोनदा हाकललं आणि लाडू पितळी डब्यात भरून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिले. "बाळंतिणीचे आहेत ते, हात लावाल तर याद राखा," अशी तंबी आम्हा दोघांनाही मिळाली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई बाजारात गेली. बाबा सर्दी झाली म्हणून रजा घेऊन बाहेरच्या खोलीत तोंडावर टॉवेल टाकून घोरत होते. दादा खाली क्रिकेट खेळत होता. मी ओट्यावर चढले, ओट्यावर पाट ठेवला, पाटावर उभी राहिले आणि दोन बोटांनी डबा पुढे ओढला. झाकण घट्ट बसलेलं नसावं. डबा कलला तसं ते सुटलं आणि धार खाली करून थेट माझ्या कपाळावर आलं. जुन्या पितळेचं झाकण ते, कड झिजून सुरीसारखी झालेली.

आता एखादी शहाणी मुलगी रडली असती. मी एका हातानं कपाळ दाबलं आणि दुसऱ्या हातानं सांडलेले लाडू वेचले. दोन तोंडात कोंबले, उरलेले डब्यात टाकले, झाकण बसवलं आणि डबा खालच्या फळीवर कणकेच्या पिंपामागे सारला, कारण वर चढवणं आता शक्य नव्हतं. तेवढ्यात खिडकीतून रबरी चेंडू आत आला, पिंपावर आपटला आणि गडगडत माझ्या पायाशी येऊन थांबला. मी त्याच्याकडे बघितलं. जिन्यात धाडधाड पावलं वाजली. मी चेंडूकडे दाखवायला बोट उचललं, पण ते पुरतं उचलायच्या आतच दादा दारातून ओरडला, "माझा बॉल लागला! मीच मारला, मीच!" मग मला मोरीत नेऊन त्यानं माझं डोकं, केस, तोंड, सगळं खसाखसा धुतलं. आयुष्यात ज्याचा चेंडू कधी स्कूटरच्या शेडपलीकडे गेला नव्हता, त्याचा तो एकमेव तिसऱ्या मजल्याचा फटका. मी खोटं बोललेच नाही. मला फक्त खरं बोलायची वेळ आली नाही.

कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गोणपाट शिवावं तसे चार टाके पडले आणि त्यांनीच तो व्रण एवढा रुंद आणि बेंगरूळ झाला. इकडे दोन दिवसांनी आईला डबा खालच्या फळीवर सापडला, तोही अर्धा रिकामा. मी तर दोनच खाल्ले होते, तेव्हा बाकीचे कुठं गेले याचं मलाही नवल वाटलं, पण चौकशी करायची माझी तयारी नव्हती. आईनं विचार केला. वरच्या फळीवरून डबा खाली काढेल एवढं उंच घरात एकच माणूस, आणि तेच त्या दिवशी घरी होतं. "बाळंतिणीच्या तोंडचा घास खाल्ला बाप्पा या माणसानं!" बाबा म्हणाले, "मी खाल्ले नाहीत." आई म्हणाली, "मग काय चेंडूनं खाल्ले?" बाबांनी तिच्याकडे पाहिलं, पेपर उघडला आणि त्या विषयावर पुढं बारा वर्षं ते एक शब्द बोलले नाहीत. आई मात्र बोलली. मावशीला पत्रानं कळवलं. मावशीचे यजमान प्रत्येक लग्नामुंजीत बाबांच्या पानात मुद्दाम वाकून म्हणायचे, "भाऊसाहेब, लाडू वाढू की तुम्ही घेताच?" आणि त्या दिवसापासून लाडवाचा डबा स्वयंपाकघरातून गेला तो आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली. किल्ली कमरेला. आमच्या घरचे लाडू पुढं कायम डांबरगोळ्यांचा वास घेऊन यायचे. आम्हाला वाटायचं लाडवांना तसाच वास असतो.

व्रणावर सगळ्या सोसायटीनं हात साफ करून घेतला. कुणी कोरफड दिली, कुणी चंदन, कुणी बटाट्याची साल. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी लिंबू चोळलं तेव्हा मी अशी किंचाळले की खाली दूधवाल्याची किटली सांडली. कांद्याचा रस लावायचा एक महिना होता, त्या महिन्यात शाळेत माझ्या बाकावर कुणी बसत नसे. मी शाळेतून आले की आई खोबरेल तेलानं कपाळ रगडायची आणि "दादावर राग धरू नको हो," म्हणायची. मी मोठ्या मनानं "नाही धरत" म्हणायचे. राग धरणार कशाला, दादा तेव्हा माझा भूगोलाचा नकाशा रंगवत बसलेला असायचा.

लग्नाचं वय झालं तसा व्रणाचा आणखी एक उपयोग कळला. मुलगा बरा वाटला तर बट कपाळावर सोडायची, नाही वाटला तर केस मागं घट्ट बांधून समोर जायचं. असे तीन मुलगे मी नुसत्या एका रबरबँडनं परत पाठवले. पण तिसऱ्याच्या आईनं जाताना चपला घालत म्हटलं, "मुलगी हुशार आहे हो. पण कपाळ बघा, फोटोत येतंच ना ते." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पाहुणे गेल्यावर दादा मध्ये उभा राहिला. तेव्हा त्याला पिंपरीच्या कारखान्यात नोकरी लागून वर्ष झालं होतं. म्हणाला, "हे माझं पाप आहे. वैशूचं कपाळ नीट झाल्याशिवाय मी लग्न करणार नाही. बस्स." आईनं पदर डोळ्यांना लावला. बाबांनी पेपर थोडा खाली केला आणि परत वर घेतला. आणि दारात अळूवड्यांची ताटली घेऊन नुकतीच आलेली नंदा, जिच्याशी तो लग्न करणार होता, ती पांढरीफटक पडली.

नंदा समोरच्या इमारतीतली, आमच्या सोसायटीच्या चेअरमनची मुलगी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला. माझी शाळेपासूनची जिवाभावाची मैत्रीण. तिचा ड्रॉइंग बोर्ड जड, म्हणून दादा तो दोन वर्षं जिन्यानं वर-खाली नेत होता, आणि त्या बोर्डाला इतक्या वेळा वर-खाली का जावं लागतं हे तिच्या वडिलांनी ओळखलं होतं. ते भांडले नाहीत. एक दिवस खाली पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी दादाला गाठलं. "श्रीकांत, मुलगा म्हणून तू मला चालतोस. वाट बघणं मला चालत नाही. गणपती बसायच्या आत होय किंवा नाही सांग. नागपूरचं एक स्थळ आलंय, त्यांना मी ताटकळत ठेवणार नाही." गणपतीला पाच आठवडे होते. म्हणजे दादाचं आणि नंदाचं लग्न आता सरळसरळ माझ्या कपाळावर अडकलं होतं. नंदा नागपूरला जाणार, दादा देवदासासारखा दाढी वाढवणार, आणि कशामुळं? तर मी दोन लाडू खाल्ले म्हणून.

नंदा रडत बसणारी नव्हती. तिनं तीन दिवसांत एक प्लास्टिक सर्जन बाई शोधून काढल्या. डेक्कनजवळ दवाखाना, बाहेर पाटी: 'डॉक्टरांना किती वेळ लागेल हे डॉक्टरांनाही माहीत नाही. विचारू नये.' बाई पन्नाशीच्या, बारीक, कॉटनची साडी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. दादा बसायच्या आधीच म्हणाला, "डॉक्टर, हिच्या कपाळावरचा व्रण घालवायचाय."

"जात नाही."

"म्हणजे?"

"व्रण जात नाही. वाईट व्रण द्यायचा आणि चांगला व्रण घ्यायचा, एवढंच आम्ही करतो. घ्यायचाय का?"

मग त्यांनी माझं कपाळ दोन अंगठ्यांमध्ये धरलं आणि दिव्याखाली फिरवून फिरवून पाहिलं. कोरफड, लिंबू, कांदा ऐकताना त्यांचा चेहरा आमच्या बाबांसारखा झाला. तेलाच्या मालिशचं ऐकल्यावर मात्र "तेवढंच शहाणपणाचं केलंत" म्हणाल्या. नुसता फुगवटा कमी करायचा असेल तर व्रणातच इंजेक्शनं देता येतात, त्या सांगत होत्या, महिन्यामहिन्यानं, आणि ती दुखतात. सिलिकॉनची पातळ पट्टी रोज बरेच तास लावून ठेवली तर व्रण मऊ पडतो, परदेशातून मागवायला लागते, धीर लागतो. वरची त्वचा घासून सपाट करता येते. लेसरचं नवीन निघालंय, पण इथं यायला वेळ आहे. "पण यातल्या कशानंही रुंदी जाणार नाही. ही शिवण ज्यानं घातली त्यानं गोण्या शिवाव्यात. ती उसवायची, जुना व्रण कापून टाकायचा आणि भुवईवर आठी पडते तिच्या रेषेत बारीक टाक्यांनी नवा बसवायचा. पुढं टेप, सिलिकॉन, मालिश, आणि उन्हात तोंड काढायचं नाही."

"किती दिवसांत दिसेनासा होईल?" नंदानं विचारलं.

"वर्ष, दीड वर्ष. सुरुवातीला जास्त लाल होईल. तुम्ही घाबराल, मला फोन कराल, मी उचलणार नाही."

"वर्ष?" नंदा म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला की डॉक्टरांनीही चष्म्यावरून बघितलं.

माझी मुलगी परवा हे ऐकून पोट धरून हसली. ती खराडीला एका आयटी कंपनीत आहे. गालावरच्या पुटकुळ्यांच्या खड्ड्यांसाठी जेवणाच्या सुट्टीत जाऊन चेहऱ्याला बारीक सुया टोचून घेते आणि टोमॅटोसारखं तोंड घेऊन मीटिंगला बसते. कॅमेरा बंद ठेवते म्हणे. आमच्या वेळी कॅमेरा बंद ठेवायची सोय नव्हती, बट होती.

तर डॉक्टरांनी कागद पुढं ओढला. "कशानं झालं होतं?" दादा सरसावला. त्यानं खालचं मैदान, हवेचा रुख, चेंडूची उंची, सगळं हातवारे करून सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"कसला बॉल?"

"रबरी."

"रबरी बॉलनं टेंगूळ येतं. हे धारेनं कापलंय. आणि धार गोल आहे."

मी बट कपाळावर ओढली. दादा पांढरा पडला, पण लगेच म्हणाला, "काच! खिडकीची काच फुटली असेल."

"काच अशी गोल फुटत नाही."

"आमच्याकडे फुटते," दादा म्हणाला.

"हो, आमच्याकडे फुटते," मीही म्हणाले. बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं, कागदावर काहीतरी खरडलं आणि घंटी वाजवली. त्या वेळी मला वाटलं, काय हा माझा भाऊ! आयता सुटत होता, तरी बिचारा गुन्हा सोडायला तयार नाही. माझा ऊर भरून आला आणि त्याच वेळी मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

बसस्टॉपवर नंदा एकदम थांबली. तिच्या डोळ्यांत ती वर्गातली चमक आली होती, जिला मी कायम घाबरायचे. "वैशू, कळलं का तुला? बॉल नव्हता. मग श्रीकांतचं पापच नाही. पाप नाही तर शपथही नाही. मी आज जाऊन माझ्या बाबांना हो सांगू शकते."

"पण दादा मानणार नाही गं," मी म्हणाले.

"मानेल. पुरावा दाखवला तर मानेल."

रविवारी सकाळी ती ट्रेसिंग पेपर, कंपास आणि पट्टी घेऊन आली. मला खिडकीत बसवलं, कागद कपाळावर ठेवला आणि पेन्सिलीनं व्रण जसाच्या तसा उतरवून घेतला. मग टेबलावर बसून त्या वाकड्या रेषेवर दोन आडव्या रेषा मारल्या, त्यांच्या मध्यातून काटकोनात आणखी दोन काढल्या, आणि जिथं त्या मिळाल्या तिथं कंपासचं टोक टेकवून गरकन फिरवला. कागदावर एक पूर्ण गोल उमटला. त्या गोलाच्या एका कडेवर माझा व्रण नेमका बसला होता. "साडेसहा इंच," नंदा म्हणाली. "काकू, घरातली सगळी झाकणं काढा."

आईला कारण कळलं नाही, पण तिला असला उद्योग मनापासून आवडतो. "काऊन पण? बरं, काढते," म्हणत तिनं ओट्यावर झाकणांचा ढीग रचला. नंदा एकेक झाकण मोजायची, साडेसहाच्या जवळपास आलं की माझ्या कपाळावर टेकवून बघायची. चहाच्या पातेल्याचं झालं, दुधाचं झालं, मोहरीच्या डब्याचं झालं, ज्यानं मला चार शिंका आल्या. इडलीच्या भांड्याचं बसल्यासारखं वाटलं, तर आई म्हणाली, "ते तर गेल्या वर्षी घेतलं." पहिल्या मजल्यावरच्या काकू सहज डोकावल्या आणि कपाळाला झाकण लावून बसलेली मी बघून, "ताप आहे का हो?" विचारून आल्या पावली गेल्या. दादा दारात उभा राहून घाम पुसत होता. "कशाला हे नसते उपद्व्याप? बॉल होता म्हणतोय ना मी!" मी म्हणत होते, "खरंच गं, बॉलच होता." आम्ही दोघं इतक्या आवेशानं बोलत होतो की बाबांनी पेपर खाली ठेवला.

ढीग संपला. नंदाचा चेहरा पडला. तिनं कागद घडी करायला घेतला आणि मी सुटकेचा श्वास सोडणार एवढ्यात आई म्हणाली, "एक राहिलं ना! लाडवाचा डबा कपाटात आहे."

कमरेची किल्ली काढली गेली. कपाट किरकिरलं. साड्यांखालून तो पितळी डबा बाहेर आला, बेसनाच्या लाडवांनी भरलेला, डांबरगोळ्यांचा घमघमाट घेऊन. नंदानं झाकण उचललं, मोजलं आणि काही न बोलता माझ्या भुवईवर टेकवलं. गार लागलं. कड व्रणात अशी बसली की तिनं हात सोडला तरी ते क्षणभर तिथंच राहिलं.

नंदा झाकण हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मला ते बघवेना. "मीच," मी म्हणाले. "लाडू चोरत होते. झाकण पडलं. बॉल नंतर आला. दादाचा काही संबंध नाही. मी बारा वर्षं..." आणि मला खरंच रडायला आलं, बारा वर्षांत पहिल्यांदा त्या कपाळासाठी.

आईनं मला पोटाशी धरलं. "मायबाई! भावाचं लग्न व्हावं म्हणून पोरगी काय काय अंगावर घेते बघा!"

"काकू," नंदा म्हणाली, "झाकण बसलंय."

"झाकणाचं काय घेऊन बसली, गोल तर सगळंच असतं."

"आई, ती खरं सांगतेय," दादा म्हणाला. तो भिंतीला टेकला होता. "मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मोरीत डोकं धुतलं तेव्हा तिच्या केसांत डिंक होता."

मी रडायची थांबले. "मग तू ओरडलास कशाला, मीच मारला म्हणून?"

"मी बॅटिंग करतच नव्हतो. मी विकेटकीपर होतो." दादानं खाली बघितलं. "सकाळी शाळेत जायच्या आधी मी स्टुलावर चढून लाडू खाल्ले होते. सहा की सात. तेवढ्यात आईची चाहूल लागली, म्हणून झाकण तसंच वर ठेवलं आणि डबा काठावर सोडून पळालो. मी ते नीट लावलं असतं तर ते पडलंच नसतं. दारातून तुला रक्तबंबाळ बघितलं, वरच्या फळीवर डबा नाही हेही दिसलं आणि वाटलं, काहीही होऊ दे, बॉलच असू दे. मग बाबांवर आळ आला. तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. म्हणून म्हणत होतो ना, पाप माझंच आहे."

स्वयंपाकघरात कुकर शिट्टी देत होता आणि कुणीही तो बंद करायला हलत नव्हतं. बारा वर्षं ज्याला मी राबवलं तो माझ्या खोट्यासाठी राबत नव्हताच. त्याचं स्वतःचं वेगळं खोटं होतं, माझ्या खोट्याच्या अगदी शेजारी, आणि आम्ही दोघं त्या एका रबरी चेंडूमागे लपून बसलो होतो. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी माया वाटली की मी उठून त्याच्या दंडाला कडकडून चिमटा काढला. तो "आई गं!" म्हणून ओरडला आणि मग आम्ही दोघंही मूर्खासारखे हसत सुटलो.

"म्हणजे मी दोन चोरांच्या घरात येतेय," नंदा डोळे पुसत म्हणाली. "ऐका आता. शपथ रद्द. तुझं पाप आणि हिचं पाप एकमेकांत फिटलं. तू लग्न करायचं, ही टाके घालून घेईल." दादानं मान हलवली. त्याच दुपारी तो चेअरमनकाकांकडे गेला. ते एवढंच म्हणाले, "पाच मिनिटांचं काम होतं, दोन वर्षं बोर्ड वाहिलास." लग्न दिवाळीनंतर झालं. माझं ऑपरेशन नंदानं मुद्दाम लग्नानंतर ठेवलं, म्हणाली फोटोत खरा पुरावा यायला हवा. पुढं बाईंनी सांगितलं तसंच झालं. आधी लाल झालं, आम्ही घाबरलो, फोन केला, त्यांनी उचलला नाही. मग टेप, सिलिकॉन, छत्री, रोज तेलाचं बोट. आज ती रेषा शोधायची तर मला कपाळाला आठी घालावी लागते, आणि ती मी नंदावहिनीशी वाद घालताना घालतेच. दादा अजून रविवारी येऊन माझ्या स्कूटीत हवा बघतो. का, विचारलं तर म्हणतो, "सवय."

पण त्या सकाळचं शेवटचं राहिलं. आम्ही तिघं हसत होतो, आई "सहा की सात? सहा की सात?" असं दादाला विचारत त्याच्या मागं लागली होती, आणि मग एकदम तिचं लक्ष बाबांकडे गेलं. ती जागीच थांबली. बाबा खुर्चीतून उठले. सावकाश आले, आईच्या हातातून तो पितळी डबा घेतला आणि परत खुर्चीत जाऊन बसले. एक लाडू काढला, खाल्ला. दुसरा काढला, तोही खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत, आमच्याकडे बघत. मग त्यांनी मिशा पुसल्या, डबा आईच्या पुढं धरला आणि बारा वर्षांनी त्या विषयावर बोलले.

"आता कळव तुझ्या बहिणीला," बाबा म्हणाले. "खाल्ले म्हणावं."